शाळेत काम करताना दुखापत झाली, तर वर्कर्स कॉम्पचा (कामावरच्या दुखापतीच्या भरपाईचा) क्लेम करावा का? (कॅलिफोर्निया)

रानजाई

नमस्कार. बे एरियातील एका स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत) मी चार वर्षांपासून स्पेशल एज्युकेशनच्या वर्गात पॅराएज्युकेटर, म्हणजे शिक्षकांची सहायक, म्हणून काम करते. गेल्या मंगळवारी फायर ड्रिलची घंटा झाली आणि आमच्या वर्गातला सात वर्षांचा एक मुलगा फार घाबरला. त्याला मोठा आवाज सहन होत नाही, म्हणून मी गुडघ्यांवर बसून त्याच्या कानांवर हेडफोन चढवत होते. त्या क्षणी त्याने दोन्ही हातांनी मला ढकलले आणि मी मागच्या मागे उजव्या तळहातावर पडले. त्या दिवशी बर्फाची पिशवी बांधून मी शाळा सुटेपर्यंत काम केले. संध्याकाळी पोळ्या करायला घेतल्या तेव्हा लाटणे हातात धरवेना. शुक्रवारी अर्जंट केअरमध्ये एक्स-रे काढला, तर मनगटाच्या हाडाला चीर गेलेली निघाली. आता कोपरापर्यंत प्लास्टर आहे आणि ते सहा आठवडे राहील असे डॉक्टर म्हणतात.

मी अजून शाळेला लेखी काहीच कळवलेले नाही. माझ्या मनात तीन प्रश्न आहेत. क्लेम केला तर ती त्या मुलाविरुद्ध तक्रार ठरेल का? त्याची आई रोज दुपारी मला भेटते, आणि तिला आणखी एका चौकशीला तोंड द्यावे लागावे असे मला अजिबात वाटत नाही. दुसरे म्हणजे, अर्जंट केअरचा खर्च नवऱ्याच्या विम्यातून झाला आहे, तर पुढचाही तसाच होऊ द्यावा का? आणि तिसरे, मिरजेहून आई रोज फोन करून सांगते की इथे हाडांचे उत्तम डॉक्टर आहेत, सुट्टी घेऊन निघून ये. असे जाता येते का?

तगर

बाकीची चर्चा होत राहील. आज रात्री झोपण्यापूर्वी मुख्याध्यापिका आणि एचआर या दोघांना एक ईमेल पाठवा. तारीख, वेळ, जागा, काय घडले आणि कोणी पाहिले, एवढे पाच ओळींत लिहा. दुखापत झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मालकाला कळवावे असा कॅलिफोर्नियाचा नियम आहे, आणि तोंडी सांगितलेले नंतर कोणाच्याच लक्षात राहत नाही.

पाऊलवाट

रानजाई, मी सतरा वर्षे शिक्षिका आहे आणि त्यांपैकी सहा वर्षे आमच्या शाळेत युनियनची प्रतिनिधी होते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ 'नाही' असे आहे, आणि ते का, हे सविस्तर सांगते, कारण माझ्या अनुभवात चांगल्या मनाची माणसे नेमकी इथेच अडखळतात.

वर्कर्स कॉम्पमध्ये चूक कोणाची हा प्रश्नच विचारला जात नाही. दुखापत कामामुळे आणि काम करत असताना झाली का, एवढेच पाहिले जाते. नशेत असणे, स्वतःच मारामारीला सुरुवात करणे किंवा मुद्दाम स्वतःला इजा करून घेणे असे काही अपवाद सोडले, तर तुमची चूक, शाळेची चूक किंवा मुलाची चूक यावर काही अवलंबून नसते. फॉर्मवर 'विद्यार्थ्याला शांत करताना तोल जाऊन पडले' असे खरे तेच लिहायचे. तिथे मुलाला आरोपी करणारा रकानाच नाही. वर्गातल्या घटनेची नोंद शाळा तिच्या पद्धतीने वेगळी ठेवत असेल, तर त्या नोंदीचा उपयोग पुढच्या ड्रिलच्या आधी त्या मुलाला बाहेर नेण्याची सोय करून घेण्यासाठी होतो, आणि तो त्याच्या हिताचाच आहे.

हे पूर्वी असे नव्हते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जखमी कामगाराला कोर्टात जाऊन मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागे, आणि 'या कामात असे होणारच, हे तुला ठाऊक होते' एवढे म्हणून मालकाला सुटता येत असे. पॅराएज्युकेटरच्या बाबतीत हा युक्तिवाद किती सहज करता आला असता, याचा विचार करून पाहा. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने २४ मार्च १९११ रोजी तिथला नवा भरपाई कायदा रद्द ठरवला आणि दुसऱ्याच दिवशी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ कामगार मेले. त्याच वर्षी विस्कॉन्सिनचा कायदा आला आणि टिकला. कॅलिफोर्नियात १९११ साली आलेला कायदा मालकांसाठी ऐच्छिक होता. १९१३ साली सक्तीचा कायदा झाला आणि तो १ जानेवारी १९१४ पासून अमलात आला. या सौद्यात कामगाराने एक गोष्ट सोडून दिली आहे, तीही जाणून घ्या: कामावरच्या साध्या अपघातासाठी डिस्ट्रिक्टवर दिवाणी दावा करून वेदनांची वेगळी भरपाई मागता येत नाही. हा हक्क देऊन आपण ही भरपाई विकत घेतलेली आहे. मग ती न मागण्यात कोणावर उपकार होतात?

मुक्तछंद

माझे मत थोडे वेगळे आहे. कायद्यात काय लिहिले आहे ते पाऊलवाट यांनी उत्तम सांगितले, पण शाळा ही लहान जागा असते. माझ्या पत्नीने दोन वर्षांपूर्वी पाय मुरगळल्याचा क्लेम केला. तेव्हा तिला कोणी काही बोलले नाही, परंतु पुढच्या वर्षी तिचे तास कमी झाले. दोन्हींचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही. तरीही सहा आठवड्यांत बरे होणारे हाड असेल आणि घरचा विमा खर्च देत असेल, तर फॉर्म, फोन आणि तपासण्या यांच्या चक्रात पडण्यापूर्वी माणसाने विचार करावा असे मला प्रामाणिकपणे वाटते. शिवाय हा पैसा शेवटी शाळेच्याच बजेटमधून जातो.

रानजाई

मुक्तछंद, माझीही भीती हीच आहे. माझी नोकरी दरवर्षी तासांवर ठरते.

सांजवात

मी स्कूल डिस्ट्रिक्टांचे क्लेम हाताळणाऱ्या एका कंपनीत ॲडजस्टर (क्लेम तपासणारी) आहे, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. कोणत्याही विशिष्ट प्रकरणाबद्दल मी बोलणार नाही, पण मुक्तछंद यांच्या दोन मुद्द्यांवर लिहिणे मला आवश्यक वाटते.

घरच्या विम्याबद्दल आधी सांगते. बहुतेक ग्रुप हेल्थ पॉलिसींमध्ये कामावर झालेली दुखापत वगळलेली असते. अर्जंट केअरच्या फॉर्मवर 'ही दुखापत कामाशी संबंधित आहे का' असा एक प्रश्न असतो. तिथे 'नाही'वर खूण केली असेल, तर ती आधी दुरुस्त करून घ्या. आज ना उद्या विमा कंपनी विचारणा करते आणि दिलेले पैसे परत मागते. तोपर्यंत डिस्ट्रिक्टला कळवण्याची मुदत उलटली असेल, तर माणूस दोन्हीकडून अडकतो. हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि दर वेळी समोरचा माणूस अप्रामाणिक नसतो, तो फक्त संकोची असतो.

दुसरा मुद्दा बजेटचा. कॅलिफोर्नियातील पुष्कळ डिस्ट्रिक्ट एकत्र येऊन संयुक्त प्राधिकरणे स्थापन करतात, त्यांना आम्ही जेपीए म्हणतो, आणि त्या सामाईक निधीतून क्लेम भागवले जातात. ही वर्गणी दरवर्षी भरलेलीच असते. तुम्ही क्लेम केला नाही म्हणून वर्गात एकही जास्तीचे पुस्तक येत नाही. उलट नोंदच झाली नाही, तर त्या वर्गात दोनऐवजी तीन सहायक हवेत हे दाखवायला कोणाकडे आधार राहत नाही.

आता प्रत्यक्ष काय घडते ते सांगते. तुम्ही कळवल्यावर एका कामाच्या दिवसात डिस्ट्रिक्टने तुम्हाला डीडब्ल्यूसी-१ हा क्लेम फॉर्म द्यायचा असतो. त्यातला कर्मचाऱ्याचा भाग भरून सही करा, प्रत स्वतःजवळ ठेवा आणि परत द्या. तो दिल्यावर एका कामाच्या दिवसात उपचारांना मंजुरी मिळायला हवी, आणि क्लेम मान्य किंवा अमान्य होईपर्यंत १०,००० डॉलरपर्यंतचा उपचार द्यावा लागतो. ९० दिवसांत क्लेम नाकारला नाही, तर दुखापत कामामुळे झाली असे कायदा गृहीत धरतो. ही घड्याळे भरलेला फॉर्म डिस्ट्रिक्टच्या हातात पडल्यावरच चालू होतात, तुम्ही पडलात त्या दिवसापासून नव्हे. म्हणून फॉर्म घरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

क्लेम केला म्हणून नोकरीत त्रास देणे बेकायदा आहे. कॅलिफोर्नियाच्या लेबर कोडमध्ये (कामगार कायद्यात) त्यासाठी १३२अ हे स्वतंत्र कलम आहे. मुक्तछंद, तुमच्या पत्नीच्या बाबतीत त्याची दाद मागण्यासाठी एका वर्षाची मुदत होती, ती आता गेली असेल याचे मला वाईट वाटते.

चंद्रभागा

मी शाळेच्या किचनमध्ये अकरा वर्षे काम केले. रानजाई यांनी पडण्याचा दिवस आणि वेळ तरी सांगितली, पण ज्यांची दुखापत एका दिवसाची नसते त्यांच्याबद्दल मला बोलायचे आहे.

दुधाचा क्रेट भरलेला असला की तो जड असतोच, पण खरा त्रास तो उचलताना होत नसे. वॉक-इन फ्रिजच्या वरच्या फळीवरून तो खांद्याच्या वरच्या उंचीवरून काढायचा आणि त्याच झटक्यात वळून गाडीवर ठेवायचा, त्या वळण्यात खांदा जायचा. सकाळी सातला चौदा क्रेट, आणि दुपारच्या जेवणाआधी पुन्हा तेवढेच. आठव्या वर्षी मला वेणी घालता येईना. मुलगी घालून द्यायची. मी ते वयावर ढकलले. फिजिओथेरपिस्टने जेव्हा विचारले, 'तुम्ही कामावर काय उचलता?', तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

रोज थोडी थोडी साठत गेलेली दुखापतसुद्धा वर्कर्स कॉम्पमध्ये बसते. तिच्या बाबतीत तारीख धरतात ती साधारणपणे काम बुडू लागले किंवा पगार घटला आणि हे कामामुळे झाले असे तुम्हाला कळले किंवा कळायला हवे होते, तेव्हाची. माझा क्लेम आधी नाकारला गेला, मग स्वतंत्र वैद्यकीय तपासणी झाली, त्या डॉक्टरला क्यूएमई म्हणतात, आणि त्यांच्या अहवालानंतर मान्य झाला. यात चौदा महिने गेले. इंग्रजीत बारकावे सांगताना मी गडबडते, म्हणून तपासणीसाठी दुभाष्या मागितला. तो हक्क आहे आणि त्याचा खर्च आपल्यावर नसतो. मराठी दुभाष्या मिळायला वेळ लागला, पण मिळाला. 'खांदा भरून येतो' हे मला माझ्या शब्दांत सांगता आले, आणि अहवालात ते नीट उतरले.

गवतीचहा

न्यू जर्सीच्या वाचकांसाठी लिहिते, नाहीतर वरचे नियम सगळीकडे लागू आहेत असा समज होईल. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. आमच्याकडे डॉक्टर मालकच ठरवतो आणि साप्ताहिक भत्ता पगाराच्या ७० टक्के असतो. मात्र शाळेच्या कर्मचाऱ्यांसाठी एक फार मोलाची तरतूद आहे: कामावर झालेल्या दुखापतीमुळे गैरहजर राहावे लागले, तर एक वर्षापर्यंत पूर्ण पगार मिळतो आणि आजारपणाची रजा कापली जात नाही. एडिसनच्या एका शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे ठाऊक नव्हते, आणि तिने स्वतःच्या साठवलेल्या बावीस रजा खर्च केल्या. नंतर अर्ज करून त्या परत मिळवल्या.

नाचणी

टेक्सासमध्ये खासगी कंपन्यांना वर्कर्स कॉम्प ऐच्छिक आहे, पण पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टना ते द्यावेच लागते. विद्यार्थ्याने किंवा अन्य कोणी शारीरिक हल्ला केला असेल, तर त्यासाठी वेगळी रजाही आहे, आणि ती हल्ल्याच्या तारखेपासून दोन वर्षांपर्यंत चालू शकते. ती मागावी लागते.

केवडा

रानजाई यांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलेच नाही. माझ्या मते रजा मंजूर झाली की ती कुठे घालवायची हा आपला प्रश्न आहे. सहा आठवडे एका हाताने इथे घर सांभाळण्यापेक्षा आईच्या हाताखाली राहिलेले बरे. नक्की जा.

पाऊलवाट

केवडा, कृपया असे सुचवू नका. इथे एक नियम आहे आणि तो मोडला तर रानजाईंचे मोठे नुकसान होईल.

कॅलिफोर्नियात शाळेच्या कर्मचाऱ्यांना दोन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. एक आहे वर्कर्स कॉम्पचा तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता, जो साधारणपणे सरासरी साप्ताहिक पगाराच्या दोन-तृतीयांश असतो आणि त्यावर आयकर नसतो. दुसरी आहे एज्युकेशन कोडने (राज्याच्या शिक्षण कायद्याने) दिलेली औद्योगिक अपघात रजा. शिक्षकांसाठी ती कलम ४४९८४ मध्ये आहे आणि पॅराएज्युकेटर, किचन, बस, सफाई अशा क्लासिफाइड कर्मचाऱ्यांसाठी कलम ४५१९२ मध्ये. एका अपघातासाठी एका आर्थिक वर्षात किमान ६० दिवस ही रजा मिळते. क्लासिफाइड कर्मचाऱ्यांच्या बाबतीत डिस्ट्रिक्ट ठराविक सेवेची अट घालू शकते, पण ती तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही, आणि रानजाईंची चार वर्षे झाली आहेत.

आकड्यांत सांगते. समजा आठवड्याला ७२० डॉलर पगार आहे. वर्कर्स कॉम्पमधून ४८० येतील. उरलेले २४० या रजेमुळे डिस्ट्रिक्ट देते आणि पगार पूर्ण होतो. भत्त्यासाठी सुरुवातीचे तीन दिवस धरत नाहीत, अर्थात दुखणे १४ दिवसांपेक्षा लांबले तर तेही मिळतात. ही रजा मात्र गैरहजेरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते. ती संपेपर्यंत आजारपणाच्या रजेला हात लागत नाही.

आता तो नियम. या रजेचा लाभ घेत असताना कर्मचाऱ्याने कॅलिफोर्निया राज्यातच राहायचे असते. बाहेर जायचे असेल तर डिस्ट्रिक्टच्या गव्हर्निंग बोर्डाची परवानगी लागते. हे दोन्ही कलमांत लिहिलेले आहे. मिरज तर दूरच, नेवाडातल्या बहिणीकडे जायलाही परवानगी घ्यायला हवी. शिवाय तिकडच्या उपचारांचा खर्च क्लेममधून मिळेल असे धरून चालू नका, कारण बहुतेक डिस्ट्रिक्टचे स्वतःचे डॉक्टरांचे नेटवर्क असते आणि उपचार त्यातच घ्यायचे असतात. पहिल्या भेटीनंतर त्या नेटवर्कमधला दुसरा डॉक्टर निवडता येतो, हे मात्र लक्षात ठेवा.

केवडा

हा नियम मला माहीत नव्हता. माझा सल्ला मी मागे घेते. रानजाई, क्षमस्व.

मुक्तछंद

सांजवात आणि पाऊलवाट यांचे लिखाण मी पत्नीला वाचून दाखवले. तिने एकच गोष्ट सांगितली: तिचे तास कमी झाले तेव्हा तिने कारण लेखी मागितलेच नव्हते. 'चक्रात पडू नका' हा माझा सल्ला चुकीचा होता, हे मी मान्य करतो.

एक प्रश्न मात्र उरतो. वकील लगेच घ्यावा का?

सांजवात

क्लेम मान्य झाला, उपचार वेळेवर मिळाले आणि हाड पूर्ण भरले, तर बहुतेकांना वकिलाची गरज पडत नाही. राज्याच्या वर्कर्स कॉम्प विभागात इन्फर्मेशन अँड असिस्टन्स अधिकारी असतात, ते विनामूल्य मार्गदर्शन करतात, आणि मी पलीकडच्या बाजूची असूनही लोकांना त्यांच्याकडे जायला आवर्जून सांगते. क्लेम नाकारला, डॉक्टरने सुचवलेला उपचार अडवला किंवा कायमचे अधूपण राहण्याची शक्यता दिसली, तर वकील घ्यावा. त्याची फी आधी द्यावी लागत नाही. ती मिळालेल्या भरपाईतून कापली जाते आणि न्यायाधीशाने मंजूर करावी लागते.

तांबडीमाती

मी नोकरी करत नाही, पण मुलाच्या शाळेत आठवड्यातून दोनदा ग्रंथालयात मदत करते. स्वयंसेवकांना हे लागू आहे का?

पाऊलवाट

डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने तसा ठराव केलेला असेल, तर अधिकृत स्वयंसेवकाला वर्कर्स कॉम्पपुरते कर्मचारी मानले जाते. ठराव आहे का, हे शाळेच्या ऑफिसात विचारा. नाव नोंदवून, बिल्ला लावूनच आत जात चला.

रानजाई

साडेतीन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. उशिराबद्दल क्षमा करा, डाव्या हाताने टाइप करते.

तगर यांचे वाचून त्याच रात्री ईमेल पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी डीडब्ल्यूसी-१ मिळाला. अर्जंट केअरमध्ये माझ्या नवऱ्याने घाईत 'कामाशी संबंधित नाही' यावर खूण केली होती, ती आम्ही तिथे जाऊन दुरुस्त करून घेतली आणि त्याची प्रतही घेतली. सोळाव्या दिवशी क्लेम मान्य झाल्याचे पत्र आले.

डॉक्टरांनी उजव्या हाताने काही उचलू नये असे लिहून दिले. पहिले दोन आठवडे शाळेकडे तसे काम नव्हते, म्हणून मी रजेवर होते. भत्त्याचा पहिला चेक घरी आला, तो मी सही करून डिस्ट्रिक्टला दिला, कारण पूर्ण पगार तेच देतात, आणि महिनाअखेरीस मला नेहमीइतकाच पगार मिळाला. पे-स्टबवर आजारपणाच्या रजेचा आकडा होता तेवढाच आहे, हे मी तीनदा तपासले. आता ग्रंथालयात पुस्तके स्कॅन करण्याचे काम दिले आहे. बंधनांत बसणारे काम दिले असताना ते नाकारले तर भत्ता थांबू शकतो असे ॲडजस्टरने सांगितले, म्हणून मी लगेच हो म्हटले, आणि खरे तर मला शाळेत परतायचेही होते.

त्या मुलाच्या आईला मी स्वतःच सगळे सांगितले, फॉर्मवर काय लिहिले तेही वाचून दाखवले. ती काही वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले की पुढच्या ड्रिलची वेळ आदल्या दिवशी कळू शकेल का. गेल्या गुरुवारी ड्रिल होती. त्याला दहा मिनिटे आधी मैदानाच्या टोकाला नेले आणि घंटा झाली तेव्हा तो हेडफोन लावून कुंपणाजवळच्या मुंग्या पाहत होता.

आईला मिरजेला येत नाही असे कळवले. आता जून महिन्यात जाईन. प्लास्टर पुढच्या बुधवारी निघेल. त्यानंतर थेरपी लागेल का, हे कोणाला विचारायचे?

चंद्रभागा

तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरलाच विचारा, आणि बोटे वळत नाहीत, मूठ आवळत नाही, लाटणे धरवत नाही, असे जे जे होते ते प्रत्येक भेटीत सांगा. 'बरे आहे' म्हणून गप्प बसू नका, तसेच लिहिले जाते. थेरपीची विनंती डॉक्टरकडून लेखी जायला हवी. ती नाकारली तर स्वतंत्र वैद्यकीय फेरतपासणीसाठी ३० दिवसांत अर्ज करता येतो, आणि तो फॉर्म नकाराच्या पत्रासोबतच येतो.